चार मिलिमीटरची चकती

पुण्याच्या नाना पेठेत दुचाकीच्या सुट्या भागांची दुकाने खेटून खेटून उभी आहेत. त्यातल्या कुठल्याही काउंटरवर पुढच्या चाकाची डिस्क मागितली, की दुकानदार गाडीचे नाव आणि साल विचारतो आणि लगेच पुढचा प्रश्न टाकतो: कंपनीची देऊ की बाहेरची? दोन्ही काढून शेजारी ठेवल्या, तर नुसत्या डोळ्यांना फरक कळत नाही. दोन्ही चकचकीत, दोन्हींना भोके, दोन्ही बोटाच्या पेराहूनही पातळ. किमतीत मात्र कधी कधी दुपटीचा फरक असतो. मग गिऱ्हाईक फिटरच्या तोंडाकडे बघते, फिटर दुकानदाराच्या, आणि बहुतेक वेळा स्वस्त चकती पिशवीत पडते.

ही निवड याहून बरीच समजून करता येते. डिस्क पोलादाची का, तिला भोके का, ती किती झिजली की टाकून द्यायची, एका गाडीची दुसरीला का चालत नाही, या प्रत्येक प्रश्नामागे गेल्या साठ-पासष्ट वर्षांत कुणीतरी घेतलेला एखादा निर्णय आहे. काही निर्णय जीव वाचवण्यासाठी घेतले गेले, काही पैसे वाचवण्यासाठी, आणि एक फार मोठा निर्णय निव्वळ दिसण्यासाठी घेतला गेला.

आपल्याकडे कित्येक वर्षे दुचाकी म्हणजे ड्रम ब्रेक हेच समीकरण होते. चेतक, बुलेट, राजदूत, येझदी, सगळ्यांच्या चाकांत बंद डबा आणि त्याच्या आत लायनर लावलेले दोन अर्धगोल शू. ही रचना स्वस्त आणि टिकाऊ. चिखल-पाण्यापासूनही बऱ्यापैकी सुरक्षित. तिचा दोष उष्णतेत आहे. ब्रेक म्हणजे गाडीच्या वेगाची उष्णता करणारे यंत्र. गाडी आणि स्वार मिळून २२० किलो वजन ताशी ६० किलोमीटरवरून थांबवले, तर सुमारे ३०,००० ज्यूल ऊर्जा ब्रेकमध्ये येते. पाचगणीहून पसरणी घाटाने वाईला उतरताना उंचीतला फरक साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे. तेवढे वजन तेवढे खाली आणायचे म्हणजे ताशी ६० वरून जवळजवळ चाळीस वेळा थांबण्याइतकी ऊर्जा कुठेतरी जिरवायची. बराच भाग इंजिन आणि वारा उचलतात, उरलेला चाकात जातो. ड्रम तापला की फुगतो आणि फुगताना शूपासून दूर सरकतो. लिव्हर हँडलला टेकेपर्यंत दाबावा लागतो आणि लायनरची पकडही सुटू लागते. जुन्या बुलेटवाल्यांना घाट उतरून आल्यावर येणारा लायनरचा जळका वास चांगला आठवत असेल.

डिस्कचे वागणे नेमके उलटे. चकती उघड्यावर फिरते, तिला दोन्ही अंगांनी वारा लागतो. तापून ती जाड झाली, तरी तिला दोन्ही बाजूंनी आवळणाऱ्या दोन पॅडच्या दिशेनेच फुगते, म्हणजे पकड सुटण्याचे ते कारणच उरत नाही. एक किलोच्या आसपासची चकती ताशी ६० वरून एकदा थांबताना चाळीसेक अंशांनी तापते. वेग दुप्पट केला, तर ऊर्जा चौपट होते आणि तापमानाची उडीही चौपट. चकतीच्या जाडीचा प्रश्न इथूनच सुरू होतो, कारण चकती जितकी झिजते तितकी तीच उष्णता कमी लोखंडात मावावी लागते.

कल्पना जुनी आहे. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या फ्रेडरिक लँचेस्टरने १९०२ मध्ये डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. त्याच्या ब्रेकमध्ये धातूवर तांबे घासायचे आणि त्याचा आवाज असह्य होता. पुढे हर्बर्ट फ्रूडने अॅस्बेस्टॉसचे लायनिंग आणले. फेरोडो हे त्याच्याच कंपनीचे नाव आजही पॅडच्या खोक्यांवर दिसते. मोटारींमध्ये डिस्कचा दबदबा निर्माण झाला तो १९५३ च्या ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत. डनलॉपच्या डिस्क लावलेल्या जॅग्वार सी-टाइप गाड्यांनी तिथे पहिला आणि दुसरा क्रमांक पटकावला. दर फेरीला बाकीच्यांपेक्षा उशिरा ब्रेक दाबता येणे म्हणजे काय, हे त्या दिवशी सगळ्यांनी पाहिले.

दुचाकीवर ही चकती मोठ्या संख्येने पहिल्यांदा आली ती स्कूटरवर. मिलानच्या इनोचेंती कंपनीने १९६२ साली लॅम्ब्रेटा टीव्ही १७५ च्या तिसऱ्या मालिकेला पुढे डिस्क दिली. ती हबच्या आत झाकलेली होती आणि तारेने चालायची. त्याच सुमारास मुंबईत ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया ही कंपनी लॅम्ब्रेटा बनवत होती, पण आपल्या रस्त्यांवर धावलेल्या लॅम्ब्रेटांना ड्रमच होते. १९६५ मध्ये एमव्ही अगुस्ताने मिलानच्या प्रदर्शनात ६०० सीसीची चार सिलिंडरची मोटारसायकल मांडली. तिला पुढे दोन डिस्क होत्या, त्याही तारेच्याच, आणि त्या बनवल्या होत्या सायकलींच्या सुट्या भागांसाठी नावाजलेल्या काम्पान्योलोने. इंग्लंडमध्ये रिकमन बंधू लॉकहीड कंपनीला बरोबर घेऊन तेलाच्या दाबावर चालणाऱ्या डिस्क बसवत होते. मोटारसायकलींवरचे हे प्रयोग थोड्या गाड्यांपुरते राहिले. साध्या माणसाच्या हाती डिस्क दिली ती होंडाने.

होंडा सीबी७५० ऑक्टोबर १९६८ च्या टोकियो मोटार शोमध्ये लोकांसमोर आली. ७३६ सीसी, चार सिलिंडर, ६७ अश्वशक्ती आणि ताशी २०० किलोमीटरच्या आसपासचा वेग. एवढ्या दमदार गाडीला ड्रम ब्रेक पुरेल का, हा प्रश्न प्रकल्पप्रमुख योशिरो हारादा यांच्यासमोर होता. ड्रमची चाचणी पुरी झाली होती. डिस्कचे काम नुकतेच कुठे सुरू झाले होते आणि ती उत्पादनात आणायला वेळ लागणार होता. हारादांनी दोन्ही पर्याय सोइचिरो होंडांसमोर ठेवले. होंडांनी क्षणभरही न थांबता डिस्कच्या बाजूने कौल दिला. तो निर्णय झाला नसता, तर डिस्क दुचाकीवर आलीच नसती असे नाही. पण ती एका झटक्यात सगळ्या जगाचे मानक झाली, याचे श्रेय त्या निर्णयाला द्यायलाच हवे. कंपनीने वर्षाला १,५०० गाड्या खपतील असा अंदाज बांधला होता. मागणी महिन्याला तेवढ्यावर गेली आणि पुढे तीही दुप्पट झाली. चार-पाच वर्षांत यामाहा, सुझुकी आणि कावासाकी यांच्या मोठ्या गाड्यांच्या पुढच्या चाकाला तशीच चकती दिसू लागली.

आता तो दिसण्यासाठी घेतलेला निर्णय. मोटारीची डिस्क ओतीव लोखंडाची असते. ओतीव लोखंडावर पॅडची पकड उत्तम बसते, ते उष्णता चांगली झेलते आणि स्वस्तही पडते. एका रात्रीच्या दवाने ते तांबडे होते, पण मोटारीत ते चाकाआड लपलेले असते आणि गंज पहिल्या ब्रेकला निघून जातो. मोटारसायकलची डिस्क मात्र सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असते. शोरूममध्ये उभ्या नव्याकोऱ्या गाडीच्या चाकात तांबडी चकती कोण घेईल? म्हणून जपानी कंपन्यांनी न गंजणारे पोलाद निवडले.

ते पोलाद कोरडे असताना छान चालायचे. पावसात मात्र त्याने लोकांना घाबरवून सोडले. गुळगुळीत पोलादावर पाण्याचा पातळ थर बसायचा आणि त्या काळच्या अॅस्बेस्टॉस-राळेच्या पॅडना तो फोडता यायचा नाही. लिव्हर दाबला, तरी पहिल्या क्षणी काहीच घडायचे नाही. स्वार आणखी जोर लावायचा, तोवर पॅडने पाणी पुसून काढलेले असायचे आणि ब्रेक एकदम चावायचा. ओल्या रस्त्यावर चाक लॉक व्हायला याहून अनुकूल परिस्थिती नाही. ब्रिटिश कंपन्यांनी लोखंडच ठेवले, पण काही जणींनी तेही दिसण्यापायी बिघडवले. नॉर्टन कमांडोला १९७२ मध्ये आलेली लॉकहीडची डिस्क लोखंडाची असूनही तिच्यावर क्रोमचा मुलामा होता. शहाणे मालक गाडी घरी आणायचे आणि डिस्क सोडवून लेथवाल्याकडे न्यायचे. तो घासायच्या पट्ट्यावरचा क्रोम उतरवून देई. गाडी गंजलेली दिसायची, पण पावसात थांबायची.

होंडाच्या अभियंत्यांनाही लोखंडाची ओढ सुटली नव्हती, याचा एक विलक्षण पुरावा आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी सीबीएक्स४००एफ आणि सीबीएक्स५५०एफ या गाड्यांना ओतीव लोखंडाची, आतून हवा खेळणारी डिस्क दिली आणि गंज दिसू नये म्हणून ती एका झाकणाआड बंद केली. बाहेरून पाहणाऱ्याला तो ड्रमच वाटावा. ब्रेक चांगला होता, पण पॅड बदलायचे म्हटले की फिटरला निम्मे चाक उघडावे लागे. दोनचार वर्षांत ती रचना मागे पडली.

शेवटी पोलादच टिकले, कारण त्याच्या खोडीवर दोन उपाय सापडले. पहिला उपाय भोकांचा. सीबी७५० ची पहिली डिस्क सपाट होती, बिनभोकांची. भोके पाडायला सुरुवात केली ती शर्यतवाल्यांनी आणि हौशी मालकांनी, आपापल्या ड्रिलवर. भोकाची कड पाण्याचा थर तोडते, पॅडचा पृष्ठभाग सतत खरवडून ताजा ठेवते आणि तापलेल्या पॅडमधून निघणाऱ्या वायूला वाट देते. दुसरा उपाय पॅडचा. धातूची भुकटी दाबून आणि भाजून केलेले सिंटर्ड पॅड आले आणि ओल्या पोलादावरही पहिल्या क्षणापासून पकड मिळू लागली. हे पॅड कडक असतात आणि नरम चकतीला खाऊन टाकतात, म्हणून पोलादही तेवढेच कठीण असावे लागले. आज दुचाकीची डिस्क साधारण १२ टक्के क्रोमियमच्या खास पोलादाची असते, आणि ती तापवून झटकन थंड करून ठरावीक कठीणतेला आणलेली असते. चमचे-ताटल्यांचे स्टील हे नव्हे. हा फरक नाना पेठेतल्या काउंटरवर उपयोगी पडतो, त्याकडे पुढे येऊच.

मोठ्या वेगाच्या गाड्यांना आणखी एक अडचण होती. चकतीचा बाहेरचा पट्टा तापून प्रसरण पावतो आणि मधला, हबला आवळलेला भाग थंडच असतो. प्रसरणाला जागा मिळाली नाही, की चकती द्रोणासारखी किंचित खोलगट होते. म्हणून बाहेरचा पोलादी पट्टा आणि आतला अॅल्युमिनियमचा भाग वेगळे करून त्यांना गोल बटणांनी जोडले गेले. हीच फ्लोटिंग डिस्क. तिला हाताने हलवले तर ती थोडी खुळखुळते, आणि तसे खुळखुळणे हा दोष नाही. पाकळ्यांसारख्या कडेची चकती मातीवरच्या शर्यतींमधून आली. आपल्याकडे टीव्हीएस अपाचे आरटीआर १६० ने ती २००७ मध्ये घरोघरी नेली. वजन कमी होते, कडेशी चिखल साचत नाही, पण धातूही कमी होतो. ज्या गाडीला कारखान्याने गोल चकती दिली, तिला केवळ रूपासाठी पाकळ्यांची लावू नये, हे इथेच सांगितलेले बरे.

बदली डिस्क हा स्वतंत्र धंदा कसा झाला, याची गोष्ट इटलीतल्या बेर्गामोजवळ घडली. एमिलिओ बोम्बासेई यांनी तिथे १९६१ मध्ये एक छोटे यंत्रकामाचे वर्कशॉप काढले. तेव्हा इटलीतल्या मोटारींना लागणाऱ्या डिस्क इंग्लंडहून यायच्या. ब्रेम्बो कंपनी स्वतःच्या इतिहासात सांगते, की आल्फा रोमिओसाठी निघालेल्या डिस्कचा एक ट्रक वाटेत अपघातात सापडला आणि खराब झालेल्या चकत्या नीट करायचे काम या वर्कशॉपकडे आले. काम करता करता ही वस्तू आपणही बनवू शकतो, हे बोम्बासेईंच्या ध्यानात आले. १९६४ मध्ये त्यांनी इटलीत बनलेल्या पहिल्या डिस्क बाजारात आणल्या, आणि त्या बदलीच्या बाजारासाठी होत्या. नव्या गाड्यांच्या कारखान्यांचे दरवाजे नंतर उघडले. मोटारसायकलसाठी मोटो गुझीचे काम १९७२ मध्ये मिळाले. म्हणजे आज शर्यतीच्या मैदानावर जिचे नाव सर्वांत मोठे आहे, ती कंपनी झिजलेल्या चकतीच्या जागी नवी देण्यातून वाढली. २००६ साली हीच कंपनी कल्याणी ब्रेक्सची वारस असलेल्या बॉशच्या भारतीय कंपनीशी भागीदारी करून पुण्यात आली. चाकणला बनणाऱ्या केटीएम ड्यूकच्या कॅलिपरवर, म्हणजे पॅड धरणाऱ्या भागावर, बायब्रे हे नाव दिसते, ते त्याच घरातले.

भारतात मात्र डिस्क फार उशिरा आणि फार अडखळत आली. ऐंशीच्या दशकात एन्फिल्डने जर्मनीच्या झुंडॅपच्या आराखड्यावर फ्युरी ही १७५ सीसीची गाडी काढली. तिच्या पुढच्या चाकाला ब्रेम्बोची तेलावरची डिस्क होती. गाडी काळाच्या पुढची होती आणि खपली नाही. १९८३ मध्ये एस्कॉर्ट्सने फरिदाबादेत यामाहा आरडी३५० ची भारतीय आवृत्ती, म्हणजे राजदूत ३५०, बनवायला घेतली. जपानी गाडीला डिस्क होती. भारतीय गाडीला किंमत खाली ठेवण्यासाठी ड्रम लावला गेला. त्या काळातल्या सर्वांत वेगवान भारतीय मोटारसायकलीचा ब्रेकच स्वस्त करण्यात आला, आणि तिच्या वेगाची जी दहशत लोकांच्या मनात बसली तिच्यात या ड्रमचाही वाटा होता.

त्यानंतरची दहा-पंधरा वर्षे मायलेजची होती आणि शंभर सीसीच्या गाड्यांना ड्रम पुरत होता. १९९९ मध्ये हिरो होंडाची सीबीझेड आली, १५६.८ सीसीची, पुढे २४० मिलिमीटरची डिस्क घेऊन. नोव्हेंबर २००१ मध्ये बजाजने पल्सर बाजारात उतरवली. तिच्या १८० सीसीच्या गाडीलाही २४० मिलिमीटरचीच चकती होती. या दोन गाड्यांनी कॉलेजच्या पार्किंगमध्ये डिस्क ही प्रतिष्ठेची वस्तू करून टाकली. 'डिस्कवाली आहे का?' हा प्रश्न जुनी गाडी घेताना पहिला विचारला जाऊ लागला. २००७ मध्ये पल्सर २२० मागच्या चाकालाही डिस्क घेऊन आली, तेव्हा लोक वाकून वाकून ती पाहायचे.

प्रतिष्ठेबरोबर देखभालीची सवय मात्र आली नाही. ड्रमच्या काळात फिटर लायनर बदलायचा आणि ड्रमला हात लावायची वेळ क्वचित यायची. तीच रीत डिस्कला लावली गेली. पॅड बदलायचे आणि चकती गाडी विकेपर्यंत तीच ठेवायची. मुळात चकतीही पॅडसारखीच झिजणारी वस्तू आहे आणि किती झिजेपर्यंत ती वापरायची, हे तिच्यावरच कोरलेले असते. हबजवळ, बोल्टांच्या आसपास बारीक अक्षरांत 'मिन टीएच' आणि पुढे एक आकडा असतो. दीडशे सीसीच्या कित्येक गाड्यांची नवी डिस्क ४ मिलिमीटर जाडीची असते आणि मर्यादा ३.५ ची. सगळा खेळ अर्ध्या मिलिमीटरचा, म्हणजे प्रत्येक अंगाने पाव मिलिमीटर.

ती जाडी मोजताना सरसकट एक चूक होते. पॅड चकतीच्या अगदी काठापर्यंत पोहोचत नाही, म्हणून काठाला न झिजलेली एक उंच कड उभी राहते. व्हर्नियरचे लांब, सपाट जबडे त्या कडेवरच टेकतात आणि आकडा जुन्या जाडीचा दाखवतात. जिथे पॅड घासतो तिथे चकती ३.४ वर गेलेली असते आणि व्हर्नियर ३.९ सांगत असतो. म्हणून मायक्रोमीटर लागतो. त्याची टोके बारीक असल्याने ती कडेच्या आत, घासलेल्या पट्ट्यावर टेकवता येतात. एका जागी मोजूनही भागत नाही. चकती फिरवत सहा-आठ ठिकाणी मोजावी आणि सर्वांत कमी आकडा खरा धरावा. ज्या गॅरेजमध्ये मायक्रोमीटर नाही, तिथे काठावर नख फिरवून पाहिले तरी कडेची पायरी जाणवते. पायरी चांगली लागत असेल, तर चकतीचे दिवस भरत आले असे समजावे.

खाचा पडलेली चकती लेथवर घासून आणण्याचा सल्ला अजूनही दिला जातो. वरचा हिशेब पाहिला, तर त्यात काय मिळते ते स्पष्ट आहे. लेथची एक हलकी फेरीसुद्धा उरलेली जाडी संपवते. कठीण आणि पातळ चकती टूलच्या दाबाने थरथरते, आणि घासून आणलेला पृष्ठभाग कित्येकदा आधीपेक्षा वाकडा निघतो. ओतीव लोखंडाच्या जाड चकत्यांच्या काळातली ही युक्ती पोलादाच्या चार मिलिमीटरला लागू पडत नाही.

लिव्हर दाबताना बोटांना ठोके जाणवणे ही दुसरी नेहमीची तक्रार. त्यावर 'डिस्क वाकली' असे निदान होते आणि कधी कधी ते खरे असते. चकती वाकण्याची सर्वांत सामान्य जागा म्हणजे पंक्चरचे दुकान. चाक काढून डिस्कची बाजू खाली करून जमिनीवर टाकतात आणि टायर सुटावा म्हणून वर पाय देऊन उभे राहतात. सगळे वजन चकतीच्या काठावर येते. चाक नेहमी डिस्कची बाजू वर करून ठेवायला सांगावे आणि तसे ठेवेपर्यंत तिथून हलू नये. डायल गेज लावून चकती फिरवली की वाकडेपणा कळतो. बहुतेक जपानी मॅन्युअलांमध्ये त्याची मर्यादा ०.३ मिलिमीटर किंवा त्याहून कमी असते. पण तेवढाच वाकडेपणा नव्या चकतीतही दिसू शकतो, जर हबच्या बसायच्या जागेवर गंज किंवा जुन्या रंगाचा पापुद्रा राहून गेला असेल तर. तारेच्या ब्रशने ती जागा लखलखीत करणे हे पाच मिनिटांचे काम आहे आणि घाईच्या दिवशी तेच राहते.

आता पुन्हा काउंटरवर. कंपनीची की बाहेरची, याला एकच उत्तर नाही, कारण बाहेरच्यांतही दोन जाती आहेत. एक, नाव लावून डिस्क विकणाऱ्या कंपन्या: इंग्लंडची ईबीसी, स्पेनची गाल्फर, जपानची सनस्टार. यांचे पोलाद, कठीणता आणि मापे ठरलेली असतात. जर्मनीत तर बाहेरची डिस्क रस्त्यावर लावायची असेल, तर तिच्यावर तिथल्या वाहन प्राधिकरणाच्या मान्यतेचा क्रमांक कोरलेला लागतो. दुसरी जात बिननावाची, किंवा नामांकित खोक्याची नक्कल करून आलेली. तिच्यावर 'मिन टीएच' चा आकडा नसतो किंवा धूसर असतो, भोकांच्या कडा हाताला बोचतात, आणि काचेच्या काउंटरवर आडवी ठेवून बोटाने दाबली तर ती डुलते.

लोहचुंबक खिशात असेल तर आणखी एक गोष्ट कळते. डिस्कचे पोलाद चुंबकाला घट्ट चिकटते. भांड्यांचे नेहमीचे ३०४ स्टील चिकटत नाही. म्हणून चुंबक घसरला, तर ती चकती तिथेच परत करावी. चिकटला म्हणजे सगळे ठीक असे मात्र नाही, कारण साधे लोखंडही चिकटते. त्याची परीक्षा पाण्याने होते. ओली चकती रात्रभर ठेवली आणि सकाळी सगळ्या अंगावर तांबूस थर आला, तर ती साध्या लोखंडाची आहे. ही परीक्षा घरी, गाडीला लावण्याआधी करावी आणि बिल जपून ठेवावे.

मापांच्या बाबतीत 'बसते आहे ना' एवढे पुरत नाही. व्यास, बोल्टांची संख्या आणि त्यांचे वर्तुळ, मधल्या भोकाचा घेर, हबपासून चकती किती बाहेर आहे ते अंतर आणि जाडी, ही पाचही जुळली तरच कॅलिपर तिच्या बरोबर मधे येतो. एकाच नावाच्या गाडीची दोन सालांतली डिस्क वेगळी असू शकते, म्हणून जुनी चकती सोडवून बरोबर नेणे सर्वांत शहाणपणाचे. १ एप्रिल २०१९ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या गाड्यांना एबीएस सक्तीचे झाल्यावर यात आणखी एका भागाची भर पडली. चाकाचा वेग मोजणारी दात्यांची कडी कित्येक गाड्यांमध्ये डिस्कच्या आतल्या बाजूला, तिच्याच बोल्टांनी धरलेली असते. बदली डिस्क थोडी जाड किंवा पातळ असली, की ती कडी आणि सेन्सर यांच्यातले बारीक अंतर बिघडते. मग मीटरवर एबीएसचा दिवा लागतो आणि दोष सेन्सरच्या माथी मारला जातो.

नवी चकती लावताना पॅडही नवे घ्यावेत. जुना पॅड जुन्या खाचांच्या आकाराने झिजलेला असतो आणि नव्या सपाट चकतीला उंचवट्यांपुरताच टेकतो. चकतीवर गंज रोखणारे तेल असते, ते ब्रेक क्लीनरने पुसून टाकावे. बोल्ट नवे वापरावेत आणि समोरासमोरच्या जोड्यांनी थोडे थोडे आवळत न्यावेत. पहिले दोनतीनशे किलोमीटर हलक्या हाताने ब्रेक मारत पॅड बसू द्यावेत. पावसाळ्यात भोकांमध्ये गाळ भरून राहतो, तो काडीने काढला तरी पुरे. भोके बुजलेली चकती पाण्यात पुन्हा सत्तरच्या दशकातल्या चकतीसारखी वागू लागते.

राजदूत ३५० जपणारी मंडळी पुण्या-मुंबईत आणि बंगळुरात अजून आहेत. त्यातल्या काहींनी या गाड्यांना परत डिस्क लावली आहे. नुसती चकती आणून ते काम होत नाही. ड्रमच्या हबला चकती आवळायची जागा नसते आणि फोर्कच्या नळीवर कॅलिपर धरणारे कान नसतात. म्हणून जपानी आरडीचा पुढचा सगळा साज मिळवावा लागतो: फोर्कच्या खालच्या नळ्या, हब, कॅलिपर, हँडलवरचा मास्टर सिलिंडर, होज आणि चकती. भाग परदेशातून, जुन्यातून, एकेक करून गोळा होतात. चकती बहुधा कित्येक दशके जुनी असते, आणि ती हातात आल्यावर जाणते लोक सगळ्यात आधी मायक्रोमीटर काढतात.